हात टेकायला सपाट जागा

बायकोला गादीखाली चादर कशी खोचायची हे शिकवायला गेलो आणि स्वतःच्याच उजव्या हाताचं बोट निकामी करून घेतलं.

वास्तविक लग्न झाल्यापासून आमच्या घरात चादरी तीच घालते. पण मी मोबाईलवर एका हॉटेलातल्या माणसाला चादरीचे कोपरे दुमडताना बघितलेलं, आणि एखादी गोष्ट मोबाईलवर बघितली की ती आपल्याला येते, अशी माझी समजूत आहे. तिला म्हटलं, सरक, बघ. चार बोटं ताठ केली आणि गादीखाली सारली, जोरात. आमची गादी कापसाची, भिजलेल्या रेड्याइतकी जड. अंगठ्याशेजारचं बोट खालच्या फळीच्या कडेला अडकलं आणि टक् असा बारीक आवाज आला. फार दुखलंही नाही. हात बाहेर काढला तर त्या बोटाचं शेवटचं पेर खाली मान घालून बसलेलं. डाव्या हाताने उचललं की वर यायचं, सोडलं की पुन्हा खाली.

बायकोने आधी बोटाकडे बघितलं, मग पलंगाकडे. "कोपरा मात्र छान बसलाय," ती म्हणाली.

माझं ऑफिस ठाण्याला. तिथल्या एका हाडांच्या डॉक्टरने सांगितलं की बोट सरळ करणारी जी दोरी असते ती टोकाशी तुटली आहे. ऑपरेशन नको. बोटाच्या टोकावर प्लॅस्टिकची टोपी घालून ते सहा आठवडे सरळ ठेवायचं, दोरी आपोआप जुळते. त्या टोपीला ते स्प्लिंट म्हणतात. मला वाटलं, एवढंच? मग त्यांनी मला मागच्या गल्लीतल्या फिजिओ मॅडमकडे पाठवलं आणि तिथे कळलं की एवढंच नाही.

मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. पहिल्या मिनिटाला मला काका म्हणाल्या. त्यांच्याकडे फक्त हातांचे पेशंट. एका टेबलाभोवती आम्ही सगळे बालवाडीसारखे बसायचो. कोणी चिमटीने राजमा उचलून वाटीत टाकतोय, कोणी रबरबँड ताणतोय. माझ्या शेजारी मनगट मोडलेल्या एक आजी असायच्या. त्यांना मळायला हिरवी माती दिलेली, तिचे त्या मोदक वळायच्या आणि मॅडम येताना दिसल्या की पटकन मोडून टाकायच्या. मला मात्र कसलाच व्यायाम नव्हता. माझा व्यायाम म्हणजे काही न करणं. ज्या माणसाला सिग्नलला रिक्षा थांबली तरी उतरून पुढे चालायला लागावंसं वाटतं, त्याला हा व्यायाम.

आणि नियम एकच. बोट वाकवायचं नाही. अंघोळीनंतर टोपी काढून बोट पुसायचं, तेव्हासुद्धा नाही. टोपी निघाली रे निघाली की हात पालथा सपाट जागेवर टेकवायचा, टेबल, ओटा, भिंत, जे जवळ असेल ते. तसाच ठेवून पुसायचं आणि टोपी परत चढवायची. एकदा जरी ते पेर खाली गेलं, तरी जुळत आलेली दोरी सुटते आणि मोजणी पहिल्यापासून. "हा रिफ्लेक्स झाला पाहिजे, काका. विचार करायचा नाही. टोपी गेली, हात टेकला." असं म्हणून त्या बोलता बोलता माझी टोपी खेचायच्या आणि मी हात टेबलावर आपटायचो. पहिल्यांदा आजींचा मोदक माझ्या तळव्याखाली सापडला.

आता हे सगळं मी इतकं मनावर का घेतलं ते सांगायला हवं, कारण एरवी मी डॉक्टरांचं ऐकणाऱ्यांतला नाही.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आत. तळमजल्यावर पार्किंग आणि वर तीन मजले. दर सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा, मग सत्यनारायण, मग दुपारी पार्किंगमध्ये कॅरमच्या डबल्सची फायनल. गेली कित्येक वर्षं मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे दादा पार्टनर. दादा माझ्याहून मोठे, इथल्याच एका डाइंगच्या कारखान्यातून रिटायर झालेले, मूळचे कोकणातले, बोलायला अत्यंत महाग. आणि गेली कित्येक वर्षं आम्ही फायनलला पहिल्या मजल्यावरच्या दोघा भावांकडून हरत आलेलो. दर वर्षी दादा बोर्डवरची पावडर पुसत एकच वाक्य बोलायचे, पुढच्या वर्षी बघू.

या वेळी पुढचं वर्ष नव्हतं. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली. फेब्रुवारीत सगळ्यांनी घरं खाली करायची, कोण बदलापूरला, कोण दिव्याला. दादा कल्याणला भाड्याने जाणार होते, आम्ही ठाण्याला. नवी इमारत कधी होईल, झाली तर त्यात कोण कोण परत येईल, आणि दादांचे गुडघे तोवर खाली बसू देतील का, हे कोणी बोलत नव्हतं. दादा फक्त एवढंच म्हणाले होते, "यंदा घ्यायचा रे." आणि माझं बोट मोडलं डिसेंबरच्या सुरुवातीला. मी कॅलेंडर बघितलं. सहा आठवडे, मग थोडा व्यायाम, सव्वीस जानेवारी. जेमतेम बसत होतं.

सरळ ठेवलेलं बोट घेऊन जगणं फार चमत्कारिक आहे. हे बोट दिवसभर वर. ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेब माझ्याकडे बघून बोला म्हणायचे, आणि मला बोलायचं काही नसायचं. मानपाडा रोडला नुसता उभा राहिलो तरी रिक्षावाले थांबायचे आणि मी नाही म्हटल्यावर जाताना काहीतरी पुटपुटायचे. रात्री झोपेत ते वाकेल या भीतीने मी हात उशीवर ठेवून झोपायचो, जणू शेजारी कोणी पाहुणा झोपलाय. बायकोनेही मॅडमचं काम वाटून घेतलेलं. मटार सोलता सोलता ती एकदम "हात!" म्हणायची आणि मी टीव्ही सोडून टीपॉयवर पंजा आपटायचो. तिला त्यात जरा जास्तच मजा येत होती असं माझं मत आहे.

पहिले काही आठवडे मी खरंच टिकवले. पण खालून, पार्किंगमधून, संध्याकाळचा आवाज यायला लागला. स्ट्रायकरचा आवाज ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. दादा एकटेच सराव करायचे. मी गॅलरीत उभा राहून कान देऊन ऐकायचो आणि नुसत्या आवाजावरून कळायचं की कट चुकला. मग पायात चप्पल घालायचो, काढायचो. एक दिवस नुसतं बघायला म्हणून खाली गेलो. दुसऱ्या दिवशी नुसतं पावडर टाकायला म्हणून. तिसऱ्या दिवशी मला असं सुचलं की टोपीसकट मारून बघायला काय हरकत आहे, बोट तर सरळच राहणार.

टोपीसकट मारलं. स्ट्रायकर बोर्डाची कड ओलांडून गेला आणि सेक्रेटरींच्या स्कूटरच्या आरशावर बसला. आरसा फुटला नाही, पण सेक्रेटरी गॅलरीत आले.

दादा म्हणाले, राहू दे, घरी जा. जायला हवं होतं. पण एकदा वाईट बसलेला शॉट हातात तसाच राहतो, खाजेसारखा. दादा स्ट्रायकर आणायला स्कूटरकडे गेले तेवढ्यात मी पाठ फिरवून टोपी काढली आणि मॅडमची शिकवण म्हणून हात बोर्डावर नीट टेकवलासुद्धा. मग म्हटलं, एकच. हलकेच. दुसरा स्ट्रायकर घेतला, बोट अंगठ्यामागे नेलं आणि सोडलं. सोंगटी गेली, अगदी देखणी गेली. पेरही तिच्याबरोबर खाली गेलं आणि पुन्हा तिथेच मान घालून बसलं.

दादा परत आले तेव्हा मी टोपी चढवून उभा होतो. सोंगटी कशी गेली हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

मॅडमकडे पुढच्या खेपेला मी चेहरा निष्पाप ठेवून बसलो. त्यांनी टोपी काढली, उलटी करून आत बघितलं आणि स्वतःचं बोट तिच्या कडेवरून फिरवलं. आत पांढरं काहीतरी होतं. ही कसली पावडर, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घाम येतो ना, टाल्कम टाकतो थोडी.

त्यांनी बोट नाकाशी नेलं. "टाल्कमला वास असतो, काका. ही बोरिक आहे. आमच्या हॉस्टेलला कॅरम होता."

आजी मोदक मोडायलाही विसरल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग मॅडमनी माझं बोट जरा वेळ नुसतं धरून ठेवलं, सोडलं, आणि ते खाली गेलेलं आम्ही तिघांनी बघितलं. पुन्हा पहिल्यापासून, त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मी विचारलं की आधीचे दिवस काही वजा होतील का, म्हणजे रजेत कशी जुनी शिल्लक पुढे ओढतात. नाही म्हणाल्या. मग अर्धे? त्यांनी टोपी धुवायला नळ सोडला.

घरी आलो ते थेट दुसऱ्या मजल्यावर. दादांना सांगणं भागच होतं. दार त्यांनीच उघडलं, मागे निम्मं घर खोक्यांत गेलेलं. मी सांगितलं की सव्वीसला जमणार नाही. बोट वाकलं. कसं वाकलं? असंच, म्हटलं, झोपेत. दादांनी बोटाकडे बघितलं. मग म्हणाले, झोपेत सोंगटी बरी घातलीस. म्हणजे त्यांना माहीत होतं, त्या दिवशीच. बोर्डावरची एक सोंगटी कमी झालेली ज्याच्या लक्षात येणार नाही, तो दादा नाही.

ते रागावले नाहीत, आणि तेच मला सोसवेना. आमच्याकडे खाली आले, चहा घेतला आणि बिल्डिंगमध्ये आता कोण कोण उरलंय याची उजळणी केली. नियम असा की जोडी बिल्डिंगमधलीच हवी. तिसरा मजला निम्मा रिकामा. एकाची नजर गेलेली, एकाची नाइट शिफ्ट, एक जण बाराही महिने भावांच्या बाजूने. दादा म्हणाले की मग नाव काढून घेऊ. कप खाली ठेवून उठायला लागले.

"मी बसले तर चालेल का?" बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

मी हसलो. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे महिनाभर ते मला ऐकावं लागलं. मी दादांना म्हटलं, हिला कॅरम मीच शिकवलाय, लग्न झाल्यावर. दादांनी तिला एवढंच विचारलं, माहेरी खेळायचात का. ती म्हणाली, कल्याणला चाळीत, भावांबरोबर. मग इतकी वर्षं काही बोलली नाहीस, मी म्हटलं. मला कुणी विचारलं नाही, ती म्हणाली, शिकवायलाच सुरुवात केली.

तिचा खेळ बघून मला ताप यायचा बाकी होतं. कट नाही, रिबाउंड नाही, काही बघण्यासारखं नाही. जी सोपी आहे ती घालायची, आणि काही नसेल तर स्ट्रायकर असा ठेवायचा की पुढच्यालाही काही नसेल. दादा तिच्यासमोर बसून मान डोलवायचे. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही शॉटला त्यांनी मान डोलवलेली मला आठवत नाही. मी मागे उभा राहून सूचना करायचो. तिसऱ्या संध्याकाळी दादांनी मला घरी पाठवलं आणि मी पुन्हा गॅलरीत, हात कठड्यावर टेकवून.

सव्वीस जानेवारी. झेंडा झाला, सत्यनारायण झाला. बोर्डावर बल्ब लटकवला. दुसऱ्या बाजूला पहिल्या मजल्याचे दोघे भाऊ, नव्या शर्टात. पंच म्हणून सेक्रेटरी, आरशाचं विसरलेले नव्हते. बघणाऱ्यांनी बोलायचं नाही हा नियम त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा वाचला.

मी बोललो नाही, हे कोणीही सांगेल. मी नुसता उभा होतो, बायकोच्या मागे. म्हणजे या पायावरून त्या पायावर, मग खांबाला टेकून, मग परत. पहिला गेम आपला, दुसरा त्यांचा. तिसरा शेवटच्या बोर्डावर, म्हणजे शेवटच्या डावावर, आला, जो घेईल तो जिंकला. क्वीन आमच्याकडे, कव्हरसकट. आमची एक पांढरी उरलेली, त्यांची एक काळी. खेळायची पाळी बायकोची. आणि आमची ती पांढरी तिच्या उजव्या हाताच्या पॉकेटच्या तोंडाशी होती, नुसती फुंकर घातली तरी जाईल अशी. आंधळ्यालाही दिसली असती.

बायको दुसरीकडेच बघत होती. डावीकडे. मग पदर सारखा केला. मग स्ट्रायकर उचलून पुसला. दादा समोर दगडासारखे. हिला दिसत नाहीये, मला वाटलं. बोलायचं नाही, पण बोट दाखवायला नियमात बंदी नव्हती. मी तिच्या खांद्यावरून पुढे वाकलो आणि ज्या बोटाने आयुष्यभर सगळ्यांना सगळं दाखवत आलो, त्याच बोटाने दाखवलं.

सकाळपासून झेंड्याच्या आणि प्रसादाच्या गडबडीत मी टोपीची चिकटपट्टी बदलली नव्हती. टोपी सुटली. बल्बखालून गेली आणि बोर्डाच्या पलीकडे पडली. बोट उघडं, मोकळं, हवेत. आणि इतके आठवडे मॅडमनी आणि बायकोने मिळून जे माझ्या हाडात भरलं होतं ते विचार न करता झालं. टोपी गेली, हात टेकला. जवळची सपाट जागा कॅरमबोर्ड होती.

पंजा बरोबर मध्ये बसला. काळी उडून थोरल्या भावाच्या मांडीवर. पांढरी पॉकेटपासून निघाली आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. कोणी हललं नाही. मीसुद्धा नाही, कारण बोट वाकू द्यायचं नव्हतं. पालथा हात बोर्डावर दाबून मी म्हटलं, कोणीतरी माझी टोपी द्या.

सेक्रेटरींनी नियमांत शोधलं. यावर काहीच नव्हतं. भावांचं म्हणणं पडलं की बोर्ड पुन्हा मांडावा, आणि ते वाजवीच होतं. पुन्हा मांडला. धाकट्याने ब्रेकलाच तीन घातल्या आणि पुढे आम्हाला धड शिरायलाच मिळालं नाही. दादांनी शेवटी सवयीने फडकं घेतलं, बोर्ड पुसला, घडी घातली. पुढच्या वर्षी बघू, असं ते म्हणाले नाहीत.

आम्ही वर आलो. कुलूप उघडताना बायको म्हणाली, "दिसत होती मला."

मी म्हटलं, मग मारत का नव्हतीस?

"जरा बघत होते. शेवटचाच बोर्ड होता ना इथला."

पुढच्या खेपेला मॅडमनी टोपी काढून बोट तपासलं, टोक दाबलं, सोडलं. ते जिथल्या तिथे राहिलं. एकदाही वाकलेलं नाही, त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. व्हेरी गुड काका, म्हणाल्या, म्हणजे रिफ्लेक्स बसला. आजींनी हिरव्या मातीचा एक मोदक माझ्यापुढे सरकवला.

दादा कल्याणला गेले. टेम्पोत सगळ्यात शेवटी कॅरमबोर्ड चढवला, दोन गाद्यांच्या मध्ये. मी मदतीला गेलो तर म्हणाले, तू नको, बोट सांभाळ. त्यात टोमणा होता की नाही हे मी बरेच दिवस उलटसुलट करून बघितलं. आम्हीही ठाण्याला आलो. मग माझी टोपी निघाली, आणि मीही राजमा उचलला, रबरबँड ताणले, कोमट मेणाच्या भांड्यात हात बुडवून बसलो. बोट आता वाकतं, सरळ होतं. टोकाशी किंचित खाली झुकलेलं राहिलंय, मॅडम म्हणाल्या की तेवढं राहणार. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलावर एक सोंगटी ठेवली, कुठून आणली कोण जाणे, आणि म्हणाल्या, मारा. मारली. गेली.

रस्त्यात रिक्षेतच दादांना फोन लावला. नव्या जागेत करमत नाही असं ते म्हणाले नाहीत, पण गॅलरी नाही, खाली माणसं ओळखीची नाहीत, एवढं सांगितलं. बोर्ड मांडलाय का विचारलं. मांडलाय म्हणाले, एकटाच मारतो. मी म्हटलं, दादा, बोट पूर्ण बरं झालं. रविवारी येऊ का खेळायला?

मग दादा म्हणाले, "ये की. वहिनींना घेऊन ये खेळायला, आणि तू हात खिशात घालून बस."